उलटं वळण

४ फेब्रुवारी, बुधवार

धाकट्या मालकांनी आज ड्रायव्हरच्या डोक्यात बादली घातली. पत्र्याची, पाण्याने अर्धी भरलेली. गाडीत ऊन लागून दोन पेट्या गुलाबांनी माना टाकल्या होत्या, एवढंच कारण. भुवई फाटली. रक्त, पाणी आणि गुलाबाची पानं सगळं एक होऊन मोरीकडे वाहत गेलं. ड्रायव्हर खाली बसला आणि म्हणाला, "चुकलं मालक." डोकं त्याचं फुटलं, आणि चुकलंही त्याचंच!

मग धाकट्या मालकांनी हात धुतले. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. रुमालाला पुसत माझ्या टेबलापाशी आले. हसत होते. "मामा, आपल्या लग्नाचा गुच्छ तुम्हीच बांधायचा हं. दुसऱ्या कुणाचा हात नको."

आपल्या लग्नाचा. म्हणजे त्यांच्या आणि माझ्या भाचीच्या. तारीख बावीस, रविवार. अठरा दिवस राहिले.

मी "हो" म्हणालो. काय म्हणायला हवं होतं ते घरी चालत येताना सुचलं. मला सगळं चालतानाच सुचतं.

घरी काही बोललो नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ड्रायव्हरला चार टाके. कामावर हजर. म्हणाला, "मास्तर, तुम्हाला मामा म्हणायला लागलेत. मामा बनवत नाहीत ना, तेवढं बघा." मी हसलो. हसायला नको होतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

घरात आनंदच आनंद. बहीण दिवसातून तीनदा कपाट उघडते, पोरीचे कपडे बाहेर काढते, परत घडी घालून ठेवते. नवरा गेला तेव्हा सहा वर्षांची पोर कडेवर घेऊन ही माझ्या दारात उभी राहिली होती. वीस वर्षं झाली. आता म्हणते, "दादा, माझं एक ओझं उतरलं. आणि तेही कसल्या घरात!" घर म्हणजे आमचं फुलांचं दुकान, वरचा मजला, गाडी, थंड खोली. थोरल्या मालकांचं, म्हणजे धाकट्यांच्या वडिलांचं, अर्धं अंग गेल्यावर भाची त्यांचं रक्त काढायला तिथे जायची. दवाखान्यात तेच काम करते ती. धाकटे मालक जिन्यात उभे राहून तिची पिशवी घ्यायचे. तिथूनच जमलं.

तिच्याशी ते मऊ बोलतात. मी ऐकलं आहे. फुलांशी मी बोलतो तसं.

सकाळी दुकानात, टेबलाच्या पलीकडे, ती माझ्यासमोर बसून उरलेल्या देठांचा गुच्छ बांधत होती. हौस म्हणून. मी बघत बसलो. तिचं वळण उलटं आहे.

हे लिहून ठेवतो. गोल गुच्छ बांधायचा तर पहिलं फूल सरळ धरायचं. दुसरं त्याच्यावर तिरकं. तिसरं दुसऱ्यावर, त्याच बाजूला तिरकं. दर फुलाला गुच्छ हातात थोडा फिरवायचा, नेहमी एकाच दिशेला. देठ जिथे एकमेकांना ओलांडतात ती गुच्छाची कंबर. बोटांची पकड तिथेच, दोराही तिथेच. वर फुलांचा घुमट होतो, खाली देठांचा पसरट पाय. एक देठ जरी उलट्या बाजूला गेला तरी कंबर ढिली पडते आणि सगळं सुटतं. याला आम्ही वळण म्हणतो.

माझं वळण उजवीकडे जातं. ती दहा वर्षांची असल्यापासून टेबलाच्या पलीकडे बसून शिकली. आरशात बघून शिकल्यासारखी. म्हणून तिचं डावीकडे. काही बिघडत नाही. सगळे देठ एका बाजूला असले म्हणजे झालं. पण बांधणाराची ओळख पटते.

तिचं वळण सुधारायचं तर मला तिच्या मागे उभं राहून तिची मनगटं धरून फिरवावी लागली असती. मी कुणाचं मनगट धरत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

काटेवाल्या मावशी म्हणजे आमच्याकडे गुलाबांचे काटे काढतात त्या. साठीच्या. दोन्ही हातांवर पांढरे ओरखडे. आज माझ्याशी बोलेनात. शेवटी हातातला चिमटा आपटून म्हणाल्या, "मास्तर, मी रोज हजार काटे काढते. एक काटा तुम्ही घरी नेऊन बसवताय." मी म्हटलं, मावशी, पोरीचं ठरलंय. त्या म्हणाल्या, "पोरीला माहीत आहे का, ते विचारते."

धाकटे मालक दुपारी कुणाशी तरी फोनवर बोलत होते. माझ्यापासून चार हातांवर. "मुलगी चांगली आहे रे. जीभ जरा चालते. लावू वळण, लग्न तर होऊ दे."

लावू वळण!

गावच्या शाळेत गुरुजी अक्षराला वळण लावायचे. लाकडी पट्टी आडवी धरून बोटांच्या पेरांवर. माझं अक्षर सुंदर आहे, सगळे म्हणतात. या वहीतही सुंदर आहे. घरी बाप वळण लावायचा. त्याला पट्टी लागत नसे.

आणि मी बायकोला वळण लावलं. चार वर्षं. पाणी गार आणलं म्हणून, उशीर झाला म्हणून, गप्प बसली म्हणून. मी दारू कधी प्यायलो नाही. प्यायलो असतो तर दारूवर ढकलता आलं असतं. शुद्धीत मारलं. मारून झाल्यावर हात धुवायचो, साबण लावून. शेवटी तिचं मनगट मोडलं. काडी मोडल्याचा आवाज आला. ओल्या काडीचा, वाळलेल्या नव्हे. प्लास्टर निघालं त्या दिवशी ती गेली. अठरा वर्षं झाली.

तेव्हापासून रोज पहाटे देवापुढे बसतो. मागत काही नाही. हात जोडून बसतो, एवढंच. जोडलेले असतात तोवर ते दुसरं काही करत नाहीत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बोललो नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नाक दुखतं आहे. वाकून लिहिता येत नाही. तरी लिहितो.

आज एका नवरीचा गुच्छ होता. पांढरे गुलाब, तीस. धाकटे मालक म्हणाले, बाहेरच्या वेढ्यात कालचे लावा. मी म्हटलं, कालचे नको, दुपारपर्यंत तिच्या हातात माना टाकतील. आवाज चढवला नव्हता. तसंच म्हटलं, पाणी गार आहे म्हणावं तसं.

त्यांनी टेबलावरचा तयार गुच्छ मुठीला धरून उचलला आणि माझ्या तोंडावर मारला.

गुच्छ मोडला नाही. नाक मोडलं.

दुसरा फटका कानावर. तिसरा मी हातावर घेतला. मावशी ओरडल्या. मी खाली बसलो आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "चुकलं मालक."

ते गुच्छ उलटासुलटा करून बघत होते. मी शिकवलंय तसा खाली डोकं करून त्यांनी तो तीनदा झटकला. आमच्याकडे हीच परीक्षा असते. उलटा धरून तीनदा झटकायचा, एक पाकळी पडली तरी पुन्हा बांधायचा. एकही पडली नाही. "मजबूत बांधता हो मामा!" खरंच कौतुक वाटत होतं त्यांना. मग म्हणाले, "डाग पडलेले तेवढे बदला."

मी एका हाताने नाक धरून चार गुलाब बदलले. तो गुच्छ गेला. आज कुठे तरी एका नवरीने तो छातीशी धरून फोटो काढले असतील.

हात धुताना नळाखाली पाणी लाल झालं. क्षणभर वाटलं, मारलं कुणी होतं? मी की त्यांनी?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी सांगितलं, टेबलाचा कोपरा लागला.

बहीण म्हणाली, "आंधळ्यासारखा चालतोस." भाची जवळ आली. मला खिडकीपाशी बसवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. दिवसभर लोकांच्या शिरा शोधते ती. कातडीवरचा निळा कोणता, हिरवा कोणता, किती दिवसांचा, सगळं ओळखते.

"कोपरा एका जागी लागतो, मामा. हे गालभर पसरलंय."

मी म्हटलं, दोनदा लागला.

"कानावर पण?"

मग तिने चिमटा आणला आणि माझ्या नाकपुडीतून काही तरी ओढून काढलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तिने ते तळहातावर ठेवून मला दाखवलं. पाकळीचा तुकडा. पांढरा असावा, रक्ताने काळा झालेला.

"टेबलाला गुलाब येतात का हल्ली?"

तिने चिमटा पुसला. मग हळू म्हणाली, "मामी म्हणायची, दाराची कडी लागली. मी लहान होते. मी त्या कडीला पट्टीने मारायचे, मामीला का लागतेस म्हणून. आठवतं तुला?"

आठवतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज बोललो. दोघींना समोर बसवून.

बादली सांगितली. नाक सांगितलं. फोनवरचं वळण सांगितलं. सगळं एका दमात, शाळेत धडा म्हणावा तसं.

बहिणीने आधी ऐकलं. मग हातातली ताटली फेकली. माझ्या खांद्याला लागून भिंतीवर फुटली. "एवढं चांगलं घर मिळालं तर तुझ्या डोळ्यांत खुपलं! नोकरांवर हात कोण टाकत नाही? बायकोवर टाकेल कशावरून?" मी म्हटलं, मला माहीत आहे. "तुला काय माहीत? तू कोण सांगणारा? तुझ्या बायकोचं मनगट कुणी मोडलं? सांग ना! कडीने?" उठून माझ्या छातीवर बुक्क्या मारायला लागली. मी हात खाली ठेवले. मारू दिलं. वीस वर्षं माझ्या घरात राहिली म्हणून जे बोलली नव्हती ते आज सगळं बोलली. एकही शब्द खोटा नव्हता.

भाचीने तिला बाजूला केलं. मला म्हणाली, "माझ्या अंगाला त्यानं कधी बोट लावलं नाही, मामा. दोन वर्षांत."

मी म्हटलं, "मीही लग्नाआधी लावलं नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. कसं बघत होती ते मला लिहिता येत नाही. मग ताटलीचे तुकडे गोळा करायला बसली. तुकड्यांकडे बघतच म्हणाली, "मी बघेन. माझ्या डोळ्यांनी बघेन."

म्हणजे विश्वास बसला नाही. का बसावा? चोराने चोर म्हटलं तर ऐकायचं कुणी?

१६ फेब्रुवारी, सोमवार

बहीण माझं ताट वाढते आणि पाठ करून बसते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

भाची दुकानात आली. गुच्छासाठी फुलं बघायला म्हणून. धाकटे मालक बाहेरगावी होते. तासभर माझ्यासमोर तिच्या जुन्या स्टुलावर बसली. मावशींना झाडाच्या जाड फांद्या ठेचून दिल्या. फांदीचं टोक ठेचलं की पाणी वर चढतं, त्यासाठी आमच्याकडे एक लोखंडी बत्ता आहे. वीतभर लांब, दोन बोटं जाड. तिच्या हातात चांगला बसतो. मावशी म्हणाल्या, "बघा, हात कसा पडतोय पोरीचा! एका घावात." भाची म्हणाली, "दिवसभर सुया टोचते मावशी. अंदाज चुकवून कसं चालेल?"

ड्रायव्हर आला तर त्याची भुवई बघितली. टाके मोजले. 

मला वाटलं होतं काही बोलेल. पांढरे गुलाब ठरवून गेली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहू की नको. लिहितो. ही वही देवाशिवाय कोण वाचणार?

थंड खोलीत धाकटे मालक पेट्या मोजत होते. पाठमोरे, वाकलेले. माझ्या हातात देठ कापायची सुरी. दार माझ्या मागे बंद झालं. ते दार आपोआप बंद होतं. आत यंत्राची घरघर असते, बाहेर काही ऐकू जात नाही.

त्यांची मान माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर होती. कॉलरच्या वर दोन बोटं मोकळी. मी तीस वर्षं देठ कापतो. कुठे कापलं की एका झटक्यात पाणी सुटतं ते माझ्या हाताला माहीत आहे. मनाला विचारावं लागत नाही.

हात वर आला. मी आणला नाही. आला. आणि मला तो ओळखीचा वाटला. अठरा वर्षांनी भेटलेल्या माणसासारखा. जाड झालेला, सुरकुतलेला, पण तोच. कुठे होतास इतके दिवस? म्हणाला, इथेच होतो, जोडलेला.

ते वळले. सुरी बघितली, मला बघितलं. म्हणाले, "काय मामा? गारठलात?"

मी म्हटलं, हो, गारठलो.

बाहेर आलो. पालथ्या बादलीवर बसलो. मावशींनी सुरी माझ्या हातातून काढून घेतली. बोटं एकेक करून सोडवावी लागली त्यांना.

देवा, मी काही सुधारलो नाही. फक्त हात गुंतवून ठेवले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बत्ता सापडत नाही. मावशी म्हणाल्या, "चोरायला काय सोन्याचा होता?" आज फांद्या दगडाने ठेचल्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बांधला.

सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. फुलं माझी मी निवडली. चोवीस गुलाब, मध्यम उमललेले. बोटाने बाहेरच्या पाकळ्या हलकेच मागे वळवल्या की फूल भरलेलं दिसतं. काटे मावशींनी काढले, मी पुन्हा बोट फिरवून बघितले. खालची पानं सगळी काढली. पान कंबरेत अडकलं की कुजतं, दोरा सैल होतो.

मध्ये एक. त्याच्याभोवती सात, जरासे खाली. मग सोळा, त्याहून खाली. प्रत्येक वेढा अर्ध्या बोटाने उतरवायचा, तरच घुमट येतो. नाही तर थाळी होते. दर फुलाला गुच्छ फिरवत गेलो. मधून मधून आरशात बघितलं. आपण वरून बघतो, पण जग समोरून बघतं. मेणदोरा कंबरेला चार वेढे, मग गाठ. गाठ आवळताना श्वास सोडायचा. आवळून झाल्यावर घ्यायचा. भाचीला शिकवताना सगळ्यात आधी हेच सांगितलं होतं.

मग चिकटपट्टी, मग रेशमी रिबीन. शेवटी टाचण्या. टाचणी खालून वर, तिरकी, देठाच्या आत जायला हवी. टोक बाहेर राहिलं तर नवरीच्या तळहातात शिरतं. मी प्रत्येक टाचणीवर माझा तळहात दाबून बघतो. आज प्रत्येकीवर दोनदा दाबला.

देठ एका पातळीत छाटले. टेबलावर ठेवला, उभा राहिला. उलटा धरून तीनदा झटकला. काही पडलं नाही.

यापेक्षा चांगला गुच्छ मी बांधलेला नाही. हेच लाज वाटण्यासारखं आहे. ज्या लग्नाला माझं मन नाही म्हणतो, त्या लग्नाचा गुच्छ ढिला बांधणं हातांना जमलं नाही. म्हटलं होतं, कंबर सैल ठेवीन, सगळ्यांसमोर फुलं गळतील, अपशकुन म्हणून लग्न तरी थांबेल. पण हात ऐकेनात. चांगल्या कामातही ऐकत नाहीत, वाईटातही नाही.

भाची संध्याकाळी न्यायला आली. परवाच म्हणाली होती, "मूठ लांब ठेव मामा. माझे दोन्ही हात मावले पाहिजेत." एरवी ती हाताची एक मूठ आणि दोन बोटं एवढी ठेवतो, तिच्यासाठी दोन मुठींएवढी ठेवली. तिने धरून बघितला. माझ्यासारखाच उलटा करून झटकला. "छान आहे," म्हणाली. "हलका आहे."

गुच्छ हलकाच असायला हवा, मी म्हटलं, दिवसभर धरायचा असतो.

"हो ना," म्हणाली आणि रिबिनीवरून बोट फिरवलं. "माझ्या खोलीत पाण्यात ठेवते. सकाळी घाई होईल." थोडा मेणदोरा मागून घेतला, केसांना काही तरी बांधायचं आहे म्हणून.

देवापुढे बसलो. पहिल्यांदा काही तरी मागितलं. तिचं मनगट.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल जे झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करतो.

हॉल भरला होता. दोनशे माणूस असेल. मंचावर सह्यांचं टेबल, मागे आमचीच फुलं. सह्या व्हायच्या होत्या. आधी फोटो. भाची गुच्छ दोन्ही हातांनी धरून उभी होती, जरा खाली, पोटाशी. मी बहिणीला म्हटलं, थकली दिसते, गुच्छ वर धर म्हणून सांग. बहीण म्हणाली, "आता तरी गप्प बस."

ड्रायव्हर फुलांचा खांब सरकवायला मंचावर चढला. भाची त्याच्याकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. "काका, टाके निघाले का? बादली फार जोरात लागली होती ना?"

हॉलमध्ये कुणी तरी हसलं. त्यांना वाटलं, गंमत आहे.

धाकटे मालक हसतच म्हणाले, "हे काय आता?"

"विचारतेय. आणि मामाच्या नाकाला काय झालं होतं?"

"नंतर बोलू."

"आता बोल ना. मला बघायचंय."

त्यांनी तिचा दंड धरला. मला बोटं दिसली, मांसात गेलेली. ती म्हणाली, "हात काढ." ते तिच्या कानाशी काही बोलले. ती पुन्हा म्हणाली, त्याच आवाजात, "हात काढ."

त्यांनी हात काढला. आणि तिच्या गालावर मारला.

आवाज असा आला की फोटोवाल्याने यंत्रच खाली केलं. मी उठलो, पण खुर्च्यांच्या रांगा मध्ये. माझा हात पुन्हा वर येतोय हे मला कळत होतं. पण पोहोचायच्या आतच संपलं होतं. तिने एक पाऊल मागे घेतलं. घाबरून नव्हे, जागा करायला. गुच्छ दोन्ही हातांनी धरून कमरेतून फिरली. एकच घाव.

गुच्छ मोडला नाही. जबडा मोडला.

तो आवाज मला माहीत आहे. ओली काडी.

धाकटे मालक टेबलावर पडले, टेबल त्यांच्यावर. तोंडातून रक्त आणि दोन दात. माणसं धावली. कुणी तरी किंचाळत होतं, "फुलांनी कसं? फुलांनी कसं?" भाची मंचाच्या कडेला उभी. गालावर चार बोटं उठलेली. गुच्छ तिने खाली ठेवला. टाकला नाही, उभा ठेवला. तो उभा राहिला.

पोलीस आले. दोनशे जणांनी एकच सांगितलं, पहिला हात त्यांचा. मोठा पोलीस वहीवर पेन ठेवून बसला. "कशाने मारलं म्हणता?" फुलांनी. "कोणत्या?" गुलाबांच्या. "मग काय, गुलाबाला बेड्या घालू?" थोरले मालक चाकांच्या खुर्चीत होते. अर्धं तोंड हलत नाही त्यांचं. अर्ध्या तोंडाने एवढंच म्हणाले, "लिहू नका काही. घरी चला." रडत होते की काय, त्या तोंडावरून कळत नाही.

घरी बहिणीने पोरीच्या गालाला गार पाण्याची घडी लावली. तासभर तशीच धरून बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, जेवून घे."

मला आनंद झाला, हे लिहिलं पाहिजे. तो आवाज ऐकून आधी आनंद झाला. मग भीती वाटली. रागाच्या भरात तिच्या हातून झालं, आणि अवजार माझं होतं. मीच इतका घट्ट बांधला. पोरीच्या अंगात हे कुठून आलं? या घरात लहानाची मोठी झाली. कडीला पट्टीने मारत.

२५ फेब्रुवारी, बुधवार

हॉल झाडणारी बाई आज गुच्छ घेऊन दारात आली. "तुमचा आहे म्हणाले. फेकवेना. एक पाकळी पडली नाही हो. पण केवढा जड!"

जड?

रिबीन सोडली. टाचण्या वर होत्या, तिरक्या, आत. पट्टी काढली. देठ उघडे झाले आणि मी टेबलावर हात टेकला.

वळण डावीकडे जात होतं. सगळे चोवीस देठ, एकही चुकलेला नाही. माझा गुच्छ तिने शनिवारीच सोडला होता आणि पुन्हा बांधला होता. मधोमध, पहिल्या फुलाच्या देठाला लागून, आमचा बत्ता.

कंबरेची गाठ सुटेना. कापावी लागली.

मागे पावलं वाजली. ती दारात उभी होती. गालावरचा निळा आता कडेने हिरवा होतोय. मला पुष्कळ विचारायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "झटकून बघितला होतास?"

"तीनदा," ती म्हणाली.